मोटरसायकल सेफ्टी लेव्हीचा हिशेब: कुणाला विचारायचं आणि नेमकं काय विचारायचं

प्रश्न हॅमिल्टनच्या एका मराठी रायडरचा आहे. थोडक्यात असा: "न्यूझीलंडमध्ये येऊन काही वर्षं झाली. माझ्याकडे दोन मोटरसायकली आहेत आणि दोन्हींच्या रेगोत (गाडीच्या नोंदणी शुल्कात) दरवर्षी सेफ्टी लेव्ही भरतो. ग्रुपमध्ये सगळे म्हणतात की तो पैसा इव्हेंट आणि जाहिरातींत जातो, पण कागद कुणाकडेच नाही. सेफ्टी कौन्सिलला जाब विचारायचा तर सुरुवात कुठून करू? मी अजून इथला नागरिक नाही, मला विचारता येईल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावरच आपली बरीच माणसं अडतात. हो, तुम्हाला विचारता येतं. 1982 च्या ऑफिशियल इन्फर्मेशन ॲक्टखाली नागरिक आणि कायम रहिवासी तर विचारू शकतातच, पण जो माणूस त्या वेळी न्यूझीलंडमध्ये आहे त्यालाही तोच हक्क आहे. वर्क व्हिसा असो की स्टुडंट व्हिसा. आणि कारण सांगावं लागत नाही. "बाहेरून आलोय, कशाला डोळ्यांवर यायचं" हा संकोच मी अनेकांच्या बोलण्यात ऐकला आहे. लेव्ही घेताना तुमचा व्हिसा कुणी पाहिला नव्हता, हिशेब देतानाही पाहणार नाहीत.

आता मूळ मुद्दा. मी इथल्या सरकारी क्षेत्रात अंतर्गत लेखापरीक्षणाचं काम बरीच वर्षं केलं आहे आणि मोटरसायकल त्याहून जास्त वर्षं चालवतो आहे. तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. पैसा कुठे गेला हा पहिला. गेला त्याचा उपयोग झाला का हा दुसरा. आणि ही लेव्ही मुळात असावी का हा तिसरा. तिन्हींची दारं वेगळी आहेत. ग्रुपमध्ये रविवारच्या राइडनंतर या तिन्हींची मिसळ होते, मग कुणीतरी रागाने भलंमोठं पत्र लिहितो, त्याला गुळगुळीत उत्तर येतं आणि विषय तिथेच थांबतो.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण ती माहीत नसेल तर पत्र चुकीच्या दारात जातं. एसीसी ही सरकारी अपघात भरपाई योजना 1 एप्रिल 1974 पासून चालू आहे. चूक कुणाचीही असो, उपचाराचा खर्च आणि बुडालेल्या पगाराचा मोठा हिस्सा मिळतो. त्या बदल्यात दुखापतीच्या भरपाईसाठी समोरच्यावर दावा लावता येत नाही. रस्त्यावरच्या अपघातांचा पैसा पेट्रोलवरच्या आणि रेगोतल्या लेव्हीतून येतो. 2009 मध्ये एसीसीने मोटरसायकलींची लेव्ही जबर वाढवायचा प्रस्ताव मांडला. मोटरसायकलवाल्यांच्या दुखापतींचा खर्च कारवाले उचलतात, असा एसीसीचा युक्तिवाद होता. आमची बाजू अशी की योजनाच जर 'चूक कुणाची' हे न पाहणारी आहे, तर कारवाल्याने वळताना आम्हाला उडवल्यावर तो खर्च आमच्या नावावर का धरायचा? 17 नोव्हेंबर 2009 ला देशभरातून हजारो मोटरसायकली वेलिंग्टनला संसदेसमोर आल्या. त्या मोर्चाला 'बायकोई' म्हणतात. वाढ शेवटी झाली, पण मूळ प्रस्तावापेक्षा कमी. त्यासोबत वर्षाला 30 डॉलरची वेगळी सेफ्टी लेव्ही जुलै 2010 पासून सुरू झाली, जी पुढे 25 वर आली. तो पैसा कशावर खर्चावा याचा सल्ला द्यायला मोटरसायकल सेफ्टी ॲडव्हायजरी कौन्सिल नेमली गेली. अर्थतज्ज्ञ आणि स्वतः पट्टीचे रायडर असलेले गॅरेथ मॉर्गन तिचे पहिले अध्यक्ष.

यात 'ॲडव्हायजरी' हा शब्द महत्त्वाचा. कौन्सिल सल्ला देते, खातं एसीसीचं. रेगोबरोबर वसुली 'वाका कोटाही' ही सरकारी वाहतूक संस्था करते, पण पैसा पोचतो एसीसीकडे. म्हणून कौन्सिलच्या सदस्यांवर फेसबुकवर तुटून पडण्यात काही हशील नाही. त्यांतले बहुतेक आपल्यासारखेच रायडर असतात आणि चेकवर सही त्यांची नसते. अर्ज एसीसीला करायचा. कौन्सिल ही वेगळी नोंदणीकृत संस्था नाही म्हणून तिचे कागद कायद्याबाहेर, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. सरकारी संस्थेला सल्ला देण्यासाठी स्थापलेलं मंडळ हे माहितीच्या कायद्यापुरतं त्या संस्थेचाच भाग मानलं जातं. तसंच, काम बाहेरच्या कंत्राटदाराला दिलं असलं तरी त्या कामाबद्दल त्याच्याकडे असलेली माहिती ही संस्थेकडे असलेलीच माहिती धरतात. इव्हेंट कंपनीचा अहवाल "आमच्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे" हे उत्तर चालत नाही.

आता पहिला प्रश्न, पैसा कुठे गेला. लोक इथे "एकूण किती खर्च झाला" असं विचारतात आणि त्यांना एक आकडा मिळतो. त्या आकड्याचं काय करायचं? सोसायटीच्या सभेत सिंकिंग फंडाबद्दल विचारताना आपण फक्त खर्च विचारत नाही. वर्षाच्या सुरुवातीला शिल्लक किती होती, जमा किती झाले, खर्च किती, कुठल्या कामासाठी राखून ठेवले किती आणि आता शिल्लक किती, असं विचारतो. इथेही तेच करा. खर्च झालेला पैसा आणि राखून ठेवलेला पैसा हे दोन वेगळे रकाने हवेत. वर्षानुवर्षं मोठी शिल्लक पडून राहत असेल तर तो कदाचित खर्चापेक्षाही मोठा प्रश्न आहे, कारण मग विचारता येतं की इतका पैसा लागत नव्हता तर घेतला कशाला.

जमेचा आकडा स्वतः पडताळून पाहता येतो, पण जपून. समजा 1,00,000 गाड्या आणि 25 डॉलर, म्हणजे 25 लाख डॉलर, असा हिशेब लोक झटकन करतात. (एक लाख हा आकडा निव्वळ उदाहरणासाठी घेतला आहे.) प्रत्यक्षात बरेच रायडर हिवाळ्यात रेगो होल्डवर टाकतात, किमान तीन महिने तरी, त्या काळाची लेव्ही येतच नाही. काही जण तीन-तीन महिन्यांचीच रेगो घेतात. शिवाय रेगोवर दिसणारी रक्कम 15 टक्के जीएसटीसह आहे की जीएसटी वगळून, हे पाहिल्याशिवाय गुणाकार करू नका. एवढ्या तीन गोष्टींनी तुमच्या आणि त्यांच्या आकड्यात चांगलीच तफावत येते आणि ग्रुपमध्ये लगेच 'घोटाळा' हा शब्द निघतो. आधी विचारा की जमेचा आकडा कसा काढला. तफावत त्यानंतरही उरली, तर ती खरी.

अर्ज कसा लिहायचा? इथे माहिती अधिकाराची सवय कामाला येते आणि थोडी आडही येते. महाराष्ट्राच्या 2012 च्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवायचा दंडक आहे. इथे तशी अट नाही, फॉर्म नाही, दहा रुपयांचा स्टॅंपही नाही, साधा ईमेल चालतो. पण ती शिस्त पाळा. चाळीस मुद्द्यांचा अर्ज गेला की 'माहिती गोळा करायला फार मोठं काम पडेल' हे नाकारण्याचं कायदेशीर कारण तुम्हीच त्यांच्या हातात देता. मी असा मसुदा सुचवेन, इंग्रजीत तुम्ही तो करालच:

"1 जुलै 2023 ते 30 जून 2024 या आर्थिक वर्षासाठी मोटरसायकल सेफ्टी लेव्हीबाबत कृपया द्यावं: सुरुवातीची शिल्लक, जमा, खर्च, मंजूर पण अखर्चित रक्कम, अखेरची शिल्लक. 20,000 डॉलरपेक्षा जास्त खर्च झालेल्या प्रत्येक प्रकल्पाचं नाव, मंजूर रक्कम, खर्च झालेली रक्कम आणि मंजुरीची तारीख. एखाद्या प्रकल्पाला एसीसीच्या इतर निधीतूनही पैसा मिळाला असल्यास दोन्ही रकमा वेगळ्या."

एवढंच. वर्ष जुलै ते जून घ्या, कारण एसीसीचं आर्थिक वर्ष तेच आहे. कॅलेंडर वर्ष मागितलंत तर त्यांना मुद्दाम वेगळी जुळवाजुळव करावी लागते. रकमेची खालची मर्यादा ठेवा, म्हणजे चहा-बिस्किटांच्या पावत्यांत अर्ज अडकत नाही. आणि शेवटचं वाक्य गाळू नका. एखादा उपक्रम लेव्हीच्या पैशावर चालतो, एसीसीच्या दुखापत-प्रतिबंधाच्या पैशावर चालतो की दोन्हींवर, हे कळल्याशिवाय 'आमच्या पैशातून काय झालं' या प्रश्नाला अर्थच येत नाही.

उत्तर शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा 20 कामकाजाच्या दिवसांत यायला हवं. मुदतवाढ घेता येते, पण कारणासकट कळवून. पैसे आकारता येतात. न्याय मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पहिला तास मोफत आणि पुढे दर अर्ध्या तासाला 38 डॉलर. नेटका अर्ज असेल तर ही वेळ सहसा येत नाही. एफवायआय या संकेतस्थळावरून अर्ज केलात तर प्रश्न आणि उत्तर दोन्ही जाहीर राहतात, पुढच्या माणसाला तेच पुन्हा विचारावं लागत नाही. अर्ज करायच्या आधी तिथले जुने अर्ज वाचा.

उत्तर आल्यावर ते कसं वाचायचं, हे नीट सांगतो. पीडीएफ उघडली की तक्त्यात मधेच करड्या किंवा काळ्या पट्ट्या दिसतील आणि प्रत्येक पट्टीवर बारीक अक्षरात कलम लिहिलेलं असेल. तिथेच नजर थांबवा. 9(2)(a) म्हणजे व्यक्तीची खासगी माहिती. कुणा प्रशिक्षकाचा फोन नंबर झाकला असेल तर सोडून द्या. 9(2)(b)(ii) म्हणजे ज्याने माहिती दिली त्याच्या व्यापारी हिताला बाधा. कंत्राटदाराचा ताशी दर झाकणं एकवेळ समजू शकतं, पण प्रकल्पाची एकूण रक्कमच झाकली असेल तर हरकत घ्या. रायडरांकडून सक्तीने घेतलेल्या पैशातून कुणाला किती दिलं, ही एकूण रक्कम व्यापारी गुपित कशी? कलम 9 खाली झाकलेल्या प्रत्येक गोष्टीला लोकहिताची तुलना करावी लागते: झाकण्याचं कारण मोठं की जाहीर होण्यातलं लोकहित मोठं. ती तुलना केली असल्याचं पत्रात दिसत नसेल, तर नेमकं तेच एका ओळीत विचारा. पुष्कळदा त्या एका ईमेलवर पट्टी निघते. नाही निघाली तर ऑम्बड्समनकडे, म्हणजे सरकारी संस्थांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, तक्रार. ती मोफत आहे, वकील लागत नाही, फक्त धीर धरावा लागतो.

दुसरा प्रश्न, उपयोग झाला का, हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि यावरच रायडर सर्वांत कमी विचारतात. इव्हेंटला पैसे गेले म्हणून ते वाया गेले असं होत नाही आणि प्रशिक्षणाला गेले म्हणून सार्थकी लागले असंही नाही.

राइड फॉरएव्हर या रायडर प्रशिक्षण उपक्रमाचंच घ्या. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे टप्पे आहेत, सवलतीच्या फीत रस्त्यावरचं प्रशिक्षण मिळतं, आणि मी स्वतः ते प्रत्येक नव्या रायडरला सुचवतो. कोर्स केलेल्यांचे एसीसी क्लेम कमी आहेत, असं एसीसी सांगते. पण लेखापरीक्षक म्हणून माझा पुढचा प्रश्न असतो: कुणाच्या तुलनेत कमी? शनिवार मोडून स्वखुशीने कोर्सला येणारा माणूस मुळातच सावध असण्याची शक्यता जास्त. कोर्सविनाही त्याचे अपघात कमीच झाले असते का? हे ठरवायला वय, इंजिनाची क्षमता, परवान्याचा काळ, आधीचे क्लेम आणि वर्षाला किती किलोमीटर चालवतो, या बाबतीत त्याच्यासारख्याच पण कोर्स न केलेल्या रायडरशी तुलना करावी लागते. म्हणून निकाल मागू नका, निकाल कसा काढला तो अहवाल मागा. तुलनेचा गट कसा निवडला हे त्यात एका परिच्छेदात लिहिलेलं असायला हवं. ते असेल आणि पटत असेल, तर हा खर्च चांगला आहे हे ग्रुपमध्ये मोकळेपणाने सांगा. जाब विचारणं म्हणजे दरवेळी दोष काढणं नव्हे.

रस्त्यांवरच्या कामांचं गणित वेगळं आहे. दक्षिण कोरोमंडलच्या वळणांच्या रस्त्यांवर वाहतूक यंत्रणेबरोबर मोटरसायकलस्नेही सुधारणा करून पाहिल्या गेल्या. वळणाच्या बाहेरच्या कठड्याखाली रायडर घसरत जाऊन खांबावर आपटू नये म्हणून खालून पट्टी लावणं, वळणाआधी खुणा स्पष्ट करणं, कडेची खडी रस्त्यावर येऊ न देणं, अशा प्रकारची ही कामं असतात. मला हा खर्च मनापासून पटतो. रायडर कितीही चुकला तरी खांबाने त्याचा पाय जाऊ नये. पण मोजताना एक सापळा आहे. सुधारणेसाठी रस्ता निवडतात तो एखाद्या वाईट वर्षानंतर, जेव्हा तिथे खूप अपघात झालेले असतात. वाईट वर्षानंतरचं वर्ष बहुधा आपोआपच बरं जातं, काही केलं नाही तरी. म्हणून 'आधीचं एक वर्ष, नंतरचं एक वर्ष' ही तुलना मानू नका. आधीची पाच आणि नंतरची काही वर्षं मागा, शिवाय सुधारणा न केलेल्या तशाच रस्त्याचे आकडे.

इव्हेंटच्या बाबतीत तर प्रश्न सोपा आहे. शायनी साइड अपसारख्या मेळाव्याला किती लोक आले हा आकडा मिळेल. येणं हा परिणाम नाही. आलेल्यांपैकी कितींनी नंतर कोर्सला नाव घातलं, आणि ही अपेक्षा पैसा मंजूर करतानाच लिहून ठेवली होती का? मला सगळ्यांत उपयोगी कागद वाटतो तो मंजुरीच्या वेळचा. प्रकल्पातून काय साधायचं ठरलं होतं, किती काळात, आणि ते साधलं नाही तर काय करायचं. हा कागद असेल तर नंतरची सगळी चर्चा सरळ होते. तो कागदच नसेल तर "अशी नोंद अस्तित्वात नाही" हे उत्तर लेखी घ्या. ते उत्तर स्वतःच एक निष्कर्ष आहे.

त्याच अर्जाच्या पुढच्या फेरीत कौन्सिलच्या बैठकींची इतिवृत्तं आणि हितसंबंधांच्या घोषणांची नोंद मागा. कौन्सिलवर मोटरसायकल व्यापारातली किंवा प्रशिक्षण क्षेत्रातली माणसं असणं गैर नाही, त्यांच्याइतकं कुणाला कळणार? पण त्यांच्या क्षेत्राला पैसा देण्याचा विषय आला तेव्हा ती बाजूला झाली का, हे इतिवृत्तात दिसलं पाहिजे.

एक धोक्याची सूचना आकड्यांबद्दल. एसीसीच्या मोटर व्हेइकल अकाउंटमध्ये सार्वजनिक रस्त्यावरचे अपघात येतात. ट्रेलवर किंवा शेतात पडलेल्या माणसाचा क्लेम दुसऱ्या खात्यात जातो. वर्तमानपत्रात 'मोटरसायकल दुखापती' असा एकच आकडा आला की त्यात काय धरलंय ते आधी पाहा. 2009 पासून या एका गोष्टीवरून रायडर आणि अधिकारी एकमेकांशी वेगवेगळ्या आकड्यांनी भांडत आले आहेत.

तिसरा प्रश्न, लेव्ही असावी का, हा माहितीच्या अर्जाने सुटत नाही. तो धोरणाचा आहे. शेजारी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात अशीच लेव्ही 2002 पासून आहे. 2012 मध्ये तिथल्या संसदीय समितीने मोटरसायकल सुरक्षेची सविस्तर चौकशी केली आणि लेव्ही रद्द करावी अशी शिफारस केली. सरकारने ती मानली नाही, लेव्ही राहिली. पण लेव्हीतून कोणते प्रकल्प झाले याची यादी तिथे जाहीर केली जाते. लेव्ही हटवण्याची लढाई हरूनही हिशेबाची लढाई जिंकता येते, असा मी यातून अर्थ काढतो, आणि म्हणूनच तुम्हाला दुसऱ्या प्रश्नावर जोर द्यायला सांगतोय.

तरी तिसऱ्याबद्दल काही करायचं असेल तर जागा दोन. एसीसी लेव्हीचे दर ठरवण्याआधी जनतेच्या सूचना मागवते, अलीकडे साधारण तीन वर्षांच्या दरांसाठी एकदम. तेव्हा लेखी म्हणणं द्यायचं. तुमचा 'दोन गाड्या पण चालवणारा एकच' हा मुद्दा तिथला आहे. एका वेळी मी एकच गाडी चालवतो आणि एकच कोर्स करतो, मग सेफ्टी लेव्ही गाडीगणिक का, माणसागणिक का नाही? यावर प्रशासकीय उत्तर असेल की नोंदणी गाडीची असते, रायडरची नाही. ते खरं आहे, पण ते सोयीचं कारण झालं, न्यायाचं नाही, असं माझं ठाम मत आहे. दुसरी जागा तुमचा स्थानिक खासदार. खासदाराने मंत्र्याला लेखी प्रश्न टाकला की सहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि संसदेची समिती दरवर्षी एसीसीचा आढावा घेते तेव्हा तुमचा प्रश्न तिथेही नेता येतो. मतदार म्हणून जायला नागरिकत्व लागत नाही, हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक असतं: कायम रहिवासी व्हिसा असेल आणि इथे एक वर्ष सलग राहिला असाल तर तुम्हाला मतदान करता येतं.

किती वेळ आणि किती माणसं लागतील हे तुमच्या ग्रुपवर अवलंबून आहे. एकट्यानेही होतं. पण दोघं-तिघं असाल तर कामं वाटून घ्या: एकाने पैशाचा अर्ज, एकाने मूल्यमापनाचे अहवाल, एकाने इतिवृत्तं. तीन लहान अर्ज, वेगवेगळ्या आठवड्यांत. एकाच माणसाने त्याच विषयावर लागोपाठ अर्ज धाडले तर ते एकत्र धरून एकच मोठा अर्ज मानला जाण्याची शक्यता असते.

पहिला ईमेल या आठवड्यात पाठवा, पैशाचा. त्याचं उत्तर हातात आल्याशिवाय दुसरा लिहू नका, कारण कोणत्या प्रकल्पाचा अहवाल मागायचा हे त्या यादीतूनच कळेल. माझा अंदाज आहे की यादीतले दोन-तीन प्रकल्पच बहुतेक पैसा खाऊन बसलेले दिसतील. मूल्यमापन त्यांचंच मागा, बाकीचे सोडून द्या.